दीनबंधु संत विन्सेंट द पॉल

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मोजदाद सुरू होते. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती मंडळें स्थापन झालीं, मंदिराच्या छपरास व घंटेस किती रुपये लागले, हें सर्व मोठ्या अगत्यानें लिहून काढण्यांत येतें, व तें योग्यच आहे. परंतु त्याच वहीच्या मागल्या पानांवर दुसरीहि एक मोजदाद असते. ती कोणी छापीत नाहीं. मंडळ आहे, पण सभेस चारच माणसें येतात. गरिबांचा फंड आहे, पण गरीब कोण हें कोणास धड ठाऊक नाहीं. मिरवणुकीस शेंकडों लोक जमतात, आणि आजारी विधवेच्या घरीं घागरभर पाणी आणून देण्यास कोणी सांपडत नाहीं. अशा वेळीं आम्ही पुढारी म्हणविणारे लोक बहुधा एकच निदान करितों, तें हें कीं लोकांत पूर्वीची भक्ति राहिली नाहीं. हें निदान फार सोयीचें आहे. कारण त्यांत आपला स्वतःचा दोष कोठेंच येत नाहीं.

ज्या सत्पुरुषाचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों, त्यांनीं हें सोयीचें निदान कधींच पुरेसें मानलें नाहीं. संत विन्सेंट द पॉल यांचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. वसईकडील व मुंबईकडील अनेक धर्मग्रामांत त्यांच्या नांवाची सोसायटी गरिबांचा समाचार घेत असते, आणि लहान मुलास पोटाशीं धरलेल्या त्या वृद्ध धर्मगुरूची तसबीर पुष्कळांनीं पाहिली असेल. परंतु तसबिरींतील करुणा पाहतांना त्या करुणेमागील विचार आमच्या नजरेंतून निसटतो. त्या काळीं फ्रान्स देशांत दयाळू माणसांचा तोटा नव्हता. एखादें चांगलें काम बिघडलें असतां तें कोणत्या बाजूनें पाहावें, हें ज्यांस उमगलें असे लोक मात्र फार थोडे होते, व त्यांत विन्सेंट हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गास्कनी प्रांतांत, डाक्स शहराजवळील पुई या खेड्यांत झाला. जुने चरित्रकार जन्माचें साल १५७६ देतात; परंतु विन्सेंट यांनीं आपल्या वयाविषयीं जे उल्लेख ठिकठिकाणीं केले आहेत, त्यांवरून हिशेब करितां तें १५८१ किंवा फार तर त्याच्या आदलें साल ठरतें. बाप लहानसा शेतकरी होता. सहा भावंडांत विन्सेंट तिसरा. लहानपणीं त्यानें मेंढरें व डुकरें राखिलीं. मुलगा बुद्धिमान आहे असें पाहून बापानें त्यास डाक्स येथें फ्रान्सिस्कन संन्याशांच्या देखरेखीखालीं शिकावयास ठेविलें. तेथील एक प्रसंग विन्सेंट यांनीं म्हातारपणीं स्वतःच सांगितला आहे. एके दिवशीं बाप भेटावयास आला. तो लंगडत चाले, आणि त्याचे कपडे जाडेभरडे होते. सोबत्यांच्या देखत आपण या माणसाचा मुलगा आहों हें कळूं देण्याची पोरास लाज वाटली, आणि तो बापास भेटावयास बाहेर गेलाच नाहीं. पुढें ज्यांचा सल्ला राणी व सरदार घेत, त्या पुरुषानें हा डाग कधीं लपविला नाहीं. गरिबाकडे वरून पाहणें म्हणजे काय, हें त्यांस दुसऱ्या कोणाच्या उदाहरणावरून शिकावें लागलें नव्हतें.

२३ सप्टेंबर १६०० रोजीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. वय विशीच्या उंबरठ्यावर होतें, म्हणजे ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ठरविलेल्या वयापेक्षां कितीतरी कमी. त्या वेळचे विन्सेंट साधु नव्हते. एखादें चांगल्या उत्पन्नाचें पद मिळवावें, घरच्यांचें दैन्य फेडावें आणि सुखानें राहावें, एवढीच त्यांची इच्छा होती. चांच्यांनीं समुद्रावर पकडून त्यांस ट्युनिस येथें गुलाम म्हणून विकलें, अशी कथा त्यांच्याच तरुणपणच्या पत्रांत आहे. तिच्या खरेपणाविषयीं विद्वानांत वाद आहे, म्हणून आम्ही तींत शिरत नाहीं. १६०८ च्या सुमारास ते पॅरिस येथें आले. तेथें बेरूल नांवाच्या थोर धर्मगुरूंचें मार्गदर्शन त्यांस लाभलें. १६१२ मध्यें क्लिशी या खेड्याचें धर्मग्राम त्यांच्याकडे आलें व तेथें ते फार सुखी होते; परंतु पुढल्याच वर्षीं गोंदी या बड्या घराण्यांतील मुलांचे शिक्षक म्हणून त्यांस बोलावणें आलें. गोंदी हे राजाच्या गलबतांचे सेनापति होते, व त्यांच्या जहागिरींत हजारों शेतकरी राहत.

१६१७ चा जानेवारी महिना. जहागिरींतील एका खेड्यांत एक म्हातारा शेतकरी मरणास टेकला होता. गांवांत त्याची ख्याति सज्जन म्हणून होती. विन्सेंट यांनीं त्यास सर्व आयुष्याची पापकबुली करावयास लाविलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, कांहीं गंभीर पापें त्यानें वर्षानुवर्षें आपल्या धर्मगुरूपासून लपवून ठेविलीं होतीं. ही गोष्ट म्हाताऱ्यानें मरणापूर्वीं स्वतःच श्रीमती गोंदी यांच्यापाशीं बोलून दाखविली, व त्या धार्मिक बाईंच्या काळजांत धस्स झालें. सज्जनाची ही गति, तर इतरांची काय?

खेडवळ लोक अडाणी व पापाविषयीं बेफिकीर आहेत, असा सुशिक्षित मंडळींचा त्या काळीं समज होता. विन्सेंट यांस दिसलें तें निराळें. म्हातारा बेफिकीर नव्हता; तो लाजत होता. जो धर्मगुरु रोज बांधावर भेटतो, ज्याच्या शेजारीं आपलें घर आहे, त्याच्यापाशीं तोंड उघडावयाचें कसें? शिवाय त्या भागांतील कांहीं धर्मगुरूंस पापक्षमेचीं वचनेंहि नीट येत नव्हतीं, असा अनुभव श्रीमती गोंदी यांस पूर्वींच आलेला होता. म्हणजे दार बंद होतें तें लोकांच्या बाजूनें नव्हे. २५ जानेवारी रोजीं फॉल्व्हिल गांवच्या मंदिरांत विन्सेंट यांनीं या विषयावर साधें प्रवचन केलें, आणि पापकबुलीसाठीं इतकी गर्दी लोटली कीं आमियें शहरांतील जेझुइट धर्मगुरूंस मदतीस बोलवावें लागलें. भक्ति नव्हती असें ज्या लोकांविषयीं सर्वजण म्हणत, तेच हे लोक!

पुढें १६२५ मध्यें गोंदी पतिपत्नींच्या देणगीनें जो मिशनरी संघ स्थापन झाला, त्याचें मूळ या एका खाटेपाशीं आहे. बाहेरून येणारे, गांवकऱ्यांपासून एक पैहि न घेणारे आणि काम होतांच पुढच्या गांवीं जाणारे धर्मगुरु, अशी ती योजना होती. परंतु येथेंहि विन्सेंट थांबले नाहींत. मिशन संपून धर्मगुरु निघून गेले म्हणजे गांव हळूहळू पूर्वपदावर येई. यावर उपाय म्हणून मिशनें वाढवावीं, असें कोणीहि म्हटलें असतें. त्यांनीं मात्र मागें वळून पाहिलें: गांवचा कायमचा धर्मगुरु तयार कसा होतो? तर बहुधा तो तयार होतच नसे. दीक्षा तेवढी होई. १६२८ मध्यें बोव्हे येथील बिशपांच्या विनंतीवरून त्यांनीं दीक्षार्थींसाठीं कांहीं दिवसांचा एकांतवास व शिक्षण चालविलें, आणि थोड्याच वर्षांत पॅरिसमध्यें दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकास तें सक्तीचें झालें.

आतां आम्ही थोडे मागें जातों, कारण १६१७ सालचा दुसरा प्रसंग आमच्या मतें त्यांच्या चरित्राचा गाभा आहे.

बड्या घरच्या राहणीस कंटाळून विन्सेंट त्याच वर्षीं मुकाट्यानें गोंदी यांचें घर सोडून निघाले, व फ्रान्सच्या पूर्वभागांतील शातियों या लहानशा शहराचें धर्मग्राम त्यांनीं पत्करलें. ऑगस्ट महिन्यांतील एका रविवारीं ते मिस्सासाठीं वस्त्रें परिधान करीत असतां एका बाईनें येऊन सांगितलें कीं, शहराबाहेरील एका एकाकी घरांत सर्वच्या सर्व माणसें आजारी पडलीं आहेत, आणि त्यांस पाणी देणारेंहि कोणी उठून उभें राहूं शकत नाहीं. विन्सेंट यांनीं प्रवचनांत ही हकीकत कळकळीनें सांगितली. दुपारच्या प्रार्थनेनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले. पाहतात तों वाटेवर बायकांची रीघ लागलेली! कोणी जात आहे, कोणी परत येत आहे, आणि उन्हाचा ताप असह्य होऊन कोणी झाडाखालीं विसावली आहे. जणूं मिरवणूकच निघाली होती. घरीं पोहोंचल्यावर त्यांनीं आजाऱ्यांस साक्रामेंत दिले आणि आणून ठेविलेल्या वस्तु पाहिल्या. भाकरी, मांस, सर्व कांहीं भरपूर होतें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. आमच्यापैकीं कोणी त्या जागीं असता तर त्यास काय वाटलें असतें? प्रवचन सफळ झालें, लोकांचीं मनें द्रवलीं, देवाची स्तुति असो, असें म्हणून तो संतोषानें घरीं परतला असता, आणि पुढल्या अहवालांत किती भाकरी जमल्या तो आंकडा छापला असता. धर्मगुरूच्या आसनावरून पाहतां तो दिवस खरोखरच विजयाचा होता. परंतु विन्सेंट आजाऱ्याच्या खाटेजवळ उभे होते. तेथून त्यांस उद्यांचा दिवस दिसला. एवढें अन्न आज खाऊन संपावयाचें नाहीं. उन्हाळ्याचे दिवस, त्यांतील कांहीं नासून जाणार. आणि चार दिवसांनीं याच घरांत पुनः उपासमार होणार, कारण तोंवर आपण आपलें कर्तव्य केलें असें सर्वांस वाटलेलें असणार. शातियोंच्या लोकांत दया कमी नव्हती, ती बेशिस्त होती. दयेचा पूर एके दिवशीं येतो व दुसऱ्या दिवशीं ओसरतो. आजाऱ्यास तर रोज तांब्याभर पाणी हवें असतें.

दोनतीन दिवसांतच त्यांनीं कांहीं स्त्रियांस एकत्र बोलाविलें व पाळी लावून दिली: आज हिनें स्वयंपाक करून न्यावा, उद्यां तिनें. तीन महिने असें चालवून पाहिल्यावर मग त्यांनीं नियम लिहून काढिले, आणि ८ डिसेंबर १६१७ रोजीं त्या मंडळाची विधिपूर्वक स्थापना झाली. आधीं काम, मग नियम, हा क्रम त्यांनीं पुढें जन्मभर पाळला. आम्ही बहुधा उलट करितों. आधीं नियमावली छापतों आणि मग सभासद शोधतों. असो.

ते नियम वाचण्यासारखे आहेत. अध्यक्षा कोण, पैसे कोणीं सांभाळावे, हिशेब केव्हां द्यावा, हें त्यांत आहेच. परंतु आजाऱ्याकडे गेल्यावर प्रथम काय बोलावें, ताट कसें मांडावें, भाकरी व मांस किती द्यावें, खाण्याचा आग्रह कसा करावा, हेंहि त्यांत आहे. आणि एक नियम असा आहे कीं, तो ज्यानें खाटेच्या बाजूनें जग पाहिलें नाहीं त्यास सुचणेंच शक्य नाहीं. ज्या आजाऱ्याजवळ घरचें कोणी आहे त्याच्याकडे आधीं जावें, आणि जो अगदीं एकटा आहे त्याच्याकडे शेवटीं. म्हणजे पुढें कोठें जावयाची घाई राहत नाहीं व त्याच्याजवळ अधिक वेळ बसतां येतें.

गोंदी मंडळींच्या आग्रहावरून विन्सेंट त्या वर्षाच्या अखेरीस पॅरिसला परतले. १६१९ मध्यें राजाच्या गलबतांवरील कैद्यांचे मुख्य धर्मगुरु म्हणून त्यांची नेमणूक झाली. एका कैद्याच्या बेड्या त्यांनीं स्वतःच्या पायांत घालून घेतल्या अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते, परंतु तिला पुरावा नाहीं. आणि खऱ्या गोष्टी पुरेशा असतां तिची गरजहि नाहीं. १६२१ मध्यें माकों शहरांत भिकाऱ्यांची एवढी दाटी झाली होती कीं लोकांस त्यांची भीति वाटे. विन्सेंट यांनीं सर्व गरिबांची यादी करविली, ठराविक दिवशीं ठराविक धान्य देण्याची व्यवस्था केली, व जो त्यानंतरहि भीक मागेल त्याचा हिस्सा बंद केला. पहिल्या दिवसांत त्यांच्याकडे बोट दाखवून लोक हंसत.

येथें एक गंमतीची गोष्ट नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. आरंभीं कांहीं ठिकाणीं पुरुषांचें व स्त्रियांचें संयुक्त मंडळ काढून पाहिलें गेलें. अनुभव असा आला कीं पैशाचा कारभार एकत्र असला म्हणजे पुरुषांस सर्वच आपल्या हातीं हवा असतो, व स्त्रियांस तें खपत नाहीं. विन्सेंट यांनीं दोहोंचें काम वेगळें केलें, आणि स्त्रियांच्या हिशेबांत बोट ठेवावयास जागा सांपडली नाहीं अशी साक्षहि देऊन ठेविली. आमच्या धर्मग्रामांतील कार्यकारी मंडळांनीं ही साक्ष अवश्य ध्यानांत घ्यावी.

गांवोगांवचीं मंडळें वाढलीं, तशीं कांहीं ढिलींहि पडलीं. आंकडे येत, पण आंतील स्थिति कळेना. १६२९ पासून विन्सेंट यांनीं लुईझ द मारिलाक या विधवा बाईस पाहणीसाठीं धाडावयास सुरुवात केली. ही बाई स्वभावानें नाजूक व फार चिंता करणारी होती. तिच्यावर असें काम सोंपवावें हें दुसऱ्या कोणास सुचलें नसतें. ती एकेका गांवीं जाऊन राही, आजाऱ्यांस भेटे, हिशेब पाही, मुलींस शिकवी, आणि जें दिसलें तें जसेंच्या तसें लिहून कळवी. तिच्या पाहणींत व पॅरिसच्या अनुभवांत एक मोठी अडचण उघडी पडली.

खेड्यांत मंडळाच्या स्त्रिया स्वतः स्वयंपाक करीत, स्वतः आजाऱ्यास धूत. पॅरिसमध्यें मंडळांत आल्या त्या सरदारांच्या व न्यायाधीशांच्या बायका. त्यांची इच्छा उत्तम होती, पण गरिबाच्या अंधाऱ्या जिन्यावरून भांडें घेऊन चढणें त्यांस जमेना. कोणाच्या नवऱ्यास तें पसंत पडेना. आणि मग त्या आपल्या नोकरांस पाठवूं लागल्या. नोकराच्या हातून आलेलें जेवण कसें येतें, हें सांगणें नलगे. येथें पुढाऱ्यास दोनच मार्ग दिसावे: बायकांस बोल लावून त्यांच्या भक्तीस जाग आणावी, किंवा काम बंद करावें.

तिसरा मार्ग एका गुराख्याच्या पोरीनें दाखविला. मार्गरित नाझो ही सुरेन गांवची मुलगी. गुरें राखतां राखतां तिनें अक्षरओळखीचें पुस्तक मिळविलें होतें व वाटेनें जाणाऱ्या येणाऱ्यांस एकेक अक्षर विचारून ती वाचावयास शिकली होती. मग इतर मुलींस शिकवीत ती गांवोगांव फिरली. १६३० च्या सुमारास तिची विन्सेंट यांच्याशीं गांठ पडली, आणि ज्या कामास नोकर पाठविले जात तें काम आपण करूं असें तिनें सांगितलें. विन्सेंट यांस तत्काळ उमगलें कीं दोष बायकांचाहि नव्हता. माणूस व काम यांची जोडी चुकली होती. ज्यांच्याजवळ पैसा व वजन आहे त्यांनीं पैसा व वजन द्यावें. ज्यांस कष्टांची संवय आहे व गरिबाची भाषा येते त्यांनीं सेवा करावी. मार्गरित फार दिवस जगली नाहीं. प्लेगनें पछाडलेल्या एका मुलीस तिनें आपल्याच बिछान्यांत घेतलें व १६३३ मध्यें ती त्याच रोगानें वारली. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं लुईझ यांच्या घरीं कांहीं खेडवळ मुली एकत्र राहूं लागल्या. सिस्टर्स ऑफ चॅरिटी या जगप्रसिद्ध संघाचा तो जन्मदिवस.

परंतु त्यापुढें धर्मसभेच्या नियमाचा डोंगर उभा होता. त्या काळच्या कायद्यानें व्रतस्थ भगिनींनीं मठाच्या भिंतींआडच राहिलें पाहिजे. संत फ्रान्सिस द सेल्स यांनीं काढलेला व्हिजिटेशन संघहि १६१८ मध्यें असाच भिंतींआड गेला होता, आणि पॅरिसमधील त्या मठाची देखरेख १६२२ पासून विन्सेंट यांच्याकडेच होती; म्हणून हें प्रकरण त्यांनीं जवळून पाहिलें होतें. त्यांनीं नियम मोडला नाहीं, व तो बदलून मागत वर्षें दवडलींहि नाहींत. त्यांनीं प्रश्नच फिरविला. भिंत कोणासाठीं आहे? मठवासिनींसाठीं. तर मग या मुलींस मठवासिनी म्हणूंच नये. त्यांस घुंगट नको, गांवच्या शेतकरणींचाच पोशाख असूं द्यावा. घर भाड्याचें असावें. प्रार्थनेस त्यांनीं धर्मग्रामाच्या मंदिरांत इतर लोकांबरोबर जावें. व्रतें घ्यावयाचीं तीं वर्षावर्षानें घ्यावीं. आजाऱ्यांचीं घरें व शहराचे रस्ते हेंच त्यांचें कामाचें ठिकाण. भगिनींनीं आपणांस चुकूनहि मठवासिनी म्हणवूं नये, असें ते वारंवार बजावीत. आज आमच्या शाळांत व इस्पितळांत सिस्टर्स मोकळेपणीं वावरतांना दिसतात; ती वाट ज्यांनीं रुंद केली त्यांत हा शेतकऱ्याचा मुलगा अग्रभागीं होता.

१६३८ मध्यें पॅरिसमधील टाकून दिलेल्या अर्भकांचा प्रश्न त्यांच्यापुढें आला. तीं ज्या घरांत ठेवीत तेथें एक विधवा व एकदोन दासी एवढीच व्यवस्था होती. मुलें पटापट मरत, व कांहीं तर चार दिडक्यांस भिकाऱ्यांस विकलीं जात. हीं पापाचीं फळें, असें म्हणून पुष्कळ धार्मिक लोकहि तिकडे पाठ फिरवीत. विन्सेंट यांच्या मंडळानें आरंभीं चिठ्ठ्या टाकून बाराच मुलें घेतलीं. उरलेलीं मागें ठेवितांना त्या बायकांस काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी. पण झेपेल तेवढेंच आरंभीं उचलावयाचें, हा त्यांचा बाणा होता; दोन वर्षांत सर्व मुलांचा भार त्यांनीं अंगावर घेतला.

लोरेन प्रांत युद्धानें उजाड झाला तेव्हां माथ्यू नांवाच्या एका धर्मबंधूस भिकाऱ्याच्या वेषांत, झोळींत मोहरा लपवून, त्यांनीं पन्नासांहून अधिक वेळां लुटारूंच्या मुलुखांतून पाठविलें. प्रत्येक ठिकाणाहून किती माणसें, काय हवें, याचा लेखी तपशील येई, आणि १६५० पासून अशा हकीकती छापून पॅरिसभर वांटल्या जात, म्हणजे देणाऱ्यांस घरबसल्या तो भाग दिसे. ज्यांच्या अंगांत बळ होतें त्यांस अन्नाऐवजीं बियाणें, अवजारें व चरखे देण्याकडे त्यांचा कटाक्ष असे.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं हा पुरुष कधीं चुकला नाहीं. तसें नाहीं. १६४३ मध्यें राजमाता ॲन यांनीं त्यांस बिशपांच्या नेमणुका ठरविणाऱ्या मंडळांत घेतलें. १६४९ मध्यें यादवी माजली तेव्हां सत्तरीकडे झुकलेले विन्सेंट पहांटेच्या अंधारांत घोड्यावर बसून राणीकडे गेले, व मुख्य प्रधान माझारें यांनीं कांहीं काळ दूर व्हावें अशी त्यांनीं विनंति केली. राणीनें ऐकलें नाहीं. उलट विन्सेंट फितूर झाले असें पॅरिसच्या लोकांस वाटलें, दरबाराची मर्जी गेली, आणि त्यांच्या सेंट लाझार येथील मठाची लूट झाली. उपाशी शहराची दशा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. दरबारांतील मत्सर व भय त्यांस तितकेंसें दिसलें नाहीं. खाटेपाशीं बसून सर्वच कांहीं दिसतें असें नाहीं, हें त्यांच्या भक्तांनींहि कबूल करावें.

आयुष्याच्या अखेरीस आणखी एक कसोटी आली. १६५३ मध्यें एका दात्याच्या पैशांतून त्यांनीं चाळीस वृद्धांसाठीं आश्रम काढिला, त्यांत माग बसविले, व ज्यास जें झेपेल तें काम दिलें. तें पाहून पॅरिसच्या बायका हर्षभरित झाल्या. शहरांतील सगळ्याच भिकाऱ्यांसाठीं असें एक प्रचंड गृह बांधावें असें त्यांनीं ठरविलें. विन्सेंट म्हणत, आधीं थोडे घ्या, आणि जे खुषीनें येतील तेच घ्या. मंडळींस त्यांचा हा संथपणा आवडला नाहीं. शेवटीं सरकारनेंच योजना हातीं घेतली. १६५६ मध्यें हुकूम निघाला, आणि पुढल्या वर्षीं भिकाऱ्यांस धरून आंत कोंडूं लागले. तेथील धर्मसेवा आपल्या संघाकडे घेण्यास विन्सेंट यांनीं नकार दिला. योजना मोठी होती, इमारती मोठ्या होत्या, दातेहि मोठे होते. पण आंत कोंडल्या जाणाऱ्याच्या बाजूनें ती पाहिली असतां तो तुरुंग होता.

१५ मार्च १६६० रोजीं लुईझ द मारिलाक वारल्या. विन्सेंट यांच्या पायांचीं दुखणीं तोंवर एवढीं वाढलीं होतीं कीं ते खोलीबाहेर पडूं शकत नव्हते; तिच्या अंत्यसमयीं त्यांस जातां आलें नाहीं. २७ सप्टेंबरच्या पहांटे, रोज ज्या सुमारास ते प्रार्थनेस उठत त्याच सुमारास, खुर्चींत बसल्या बसल्या त्यांनीं प्राण सोडिला. १७३७ मध्यें पोप बारावे क्लेमेंट यांनीं त्यांस संतपद दिलें.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १८३३ मध्यें, पॅरिस येथील कांहीं महाविद्यालयीन तरुण एकत्र जमले. त्यांत वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम होता. तुमचा धर्म आज गरिबांसाठीं काय करीत आहे, असा टोमणा त्यांच्या सोबत्यांनीं त्यांस मारला होता. वादाचें उत्तर वादानें न देतां गरिबांस मदत करावयाची, एवढें त्यांनीं ठरविलें. पण गरीब कोठें राहतात हें त्या विद्वान मुलांस ठाऊक नव्हतें. तेव्हां ते शहराच्या एका दरिद्री वस्तींत राहणाऱ्या रोझाली रांद्यू या सिस्टरकडे गेले. ती विन्सेंट यांच्याच संघांतील होती, व त्या वस्तींतील प्रत्येक जिना तिच्या पायांखालचा होता. तिनें त्यांस कांहीं कुटुंबांचीं नांवें लिहून दिलीं, पावाच्या चिठ्ठ्या हातांत ठेविल्या, आत गेल्यावर कसें बोलावें हें समजावून सांगितलें, आणि त्यांस त्या घरांकडे पाठविलें.